हौशी, पगारी आणि डॉक्टर पावरी



कामगार संघटनेच्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून क्रिकेटच्या इतिहासावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते वाचनालयाच्या बाकावर आणि कर्जत लोकलच्या डब्यात. तेव्हा इतिहाससंशोधकाच्या अधिकाराने मी बोलत नाही. एक प्रश्न माझ्या कचेरीत चालत आला आणि त्याच्या मागे जाता जाता मी एका डॉक्टरांच्या दारात जाऊन पोचलो, एवढाच माझा अधिकार.

तो प्रश्न आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी, भातकापणी उरकत आली होती त्या दिवसांत, खालापूर तालुक्यातला एक तरुण गुडघ्याला पट्टा बांधून आमच्या कचेरीत आला. कबड्डीचा खेळाडू. आपल्याकडे कापणीनंतरच्या मोकळ्या खाचरांत जी मैदाने आखली जातात, त्यांतूनच वर आलेला. एका कारखान्याने त्याला आपल्या संघासाठी घेतले होते. स्पर्धांच्या पत्रकांवर ज्याला ‘व्यावसायिक गट’ म्हणतात, त्या गटात तो आठ वर्षे खेळला. सामने नसत तेव्हा पॅकिंग खात्यात पाळी करी. मग एका चढाईत गुडघा गेला आणि तीन महिन्यांनी त्याच्या हातात पत्र पडले : आपली नेमणूक खेळाडू म्हणून होती, आपण आता खेळू शकत नाही, सबब आपल्या सेवेची गरज उरलेली नाही. आम्ही बोलणी करायला गेलो तेव्हा तिथले अधिकारी मोठ्या सभ्यपणाने म्हणाले, “अहो, खेळ ही हौस असते. हौसेची नुकसानभरपाई कशी द्यायची?”

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण त्या दिवसापासून मला वाटू लागले की हौसेला मोल असते आणि ते कोणीतरी भरतच असते. कोणी घरातून भरतो, कोणी अंगातून. हे मोल आपल्या देशात पहिल्यांदा कोणी आणि कसे भरले, हे पाहावे म्हणून मी जुन्या क्रिकेटची पुस्तके चाळायला लागलो. तिथे मला डॉ. मेहेल्लाशा एदलजी पावरी भेटले.

पावरींचा जन्म 1866 सालचा, नवसारीचा. खोपोलीच्या वीजघराकडे पाहताना ज्या जमशेटजी टाटांची आठवण होते, त्यांचेही गाव तेच. पावरी मुंबईच्या मैदानात वाढले तेव्हा पारशी मंडळींचे क्रिकेट चांगले मुरलेले होते. त्यांचा पहिला क्लब, ओरिएंटल क्रिकेट क्लब, 1848 सालचा. सत्तावनच्या उठावाला अजून नऊ वर्षे होती, बोरघाटातून रेल्वे जायला पंधरा. गोऱ्या शिपायांचा आणि साहेबांचा खेळ पाहून पारशी मुले फोर्टच्या बाहेरच्या मैदानात खेळू लागली, असा हा प्रारंभ.

मैदानही सुखासुखी मिळाले नाही. एस्प्लनेडच्या ज्या भागात ही मुले खेळत, तिथेच युरोपियन जिमखान्याचे सभासद घोड्यावरून पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जाई आणि दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यांतून चेंडू वाटेल तसा उसळे. 1881 साली साडेचारशेहून अधिक देशी क्रिकेटपटूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज दिला. मला या अर्जाचे फार कौतुक वाटते, कारण सह्यांची मोहीम काय असते हे मला ठाऊक आहे. एक सही मिळवायला तीन खेपा घालाव्या लागतात. अर्ज मान्य झाला, पोलो हलवला गेला आणि वर्षभरातच निकाल फिरवून घोडे परत आणण्यात आले. शापूरजी सोराबजी या गृहस्थाने या झगड्याची सारी कैफियत पुढे 1897 साली पुस्तकरूपाने छापली. पारशी जिमखाना 1885 साली उभा राहिला आणि पुढे समुद्राकडेला त्याला स्वतःची जागा मिळाली, त्यामागे हा झगडा आहे.

1886 साली पारशांचा पहिला संघ इंग्लंडला गेला. अठ्ठावीस सामने झाले, एक जिंकला, एकोणीस हरले. लॉर्ड्‌सवर डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी त्यांना बॅटीने आणि चेंडूने असे झोडपले की दुसऱ्या कोणी पुन्हा जायचे नाव काढले नसते. पण दोन वर्षांत दुसरा संघ निघाला. या संघात बाविशीतले पावरी होते. या वेळी एकतीस सामन्यांत आठ जिंकले, अकरा हरले, बारा अनिर्णित राहिले. एका हंगामात एकट्या पावरींनी 170 गडी बाद केले आणि प्रत्येक गड्यामागे बारा धावाही दिल्या नाहीत. वेगवान गोलंदाज इंग्लंडातच पिकतो अशी समजूत असलेल्या लोकांना नवसारीच्या मुलाने हे करून दाखवले.

त्यानंतर आला जानेवारी 1890. जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ हिंदुस्थानभर फिरत होता आणि कुठेही हरत नव्हता. 30 आणि 31 जानेवारीला मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर त्यांची पारशांशी गाठ पडली. पारशांचे कप्तान होते जे. एम. फ्रामजी पटेल. ज्या मैदानाच्या बाहेर उभे राहून ‘आम्हालाही जागा द्या’ म्हणून अर्ज केले, त्याच गोऱ्या जिमखान्याच्या मैदानात आता सामना होता. इंग्लिश संघाच्या दुसऱ्या डावात पावरींनी चौतीस धावा देऊन सात गडी काढले, सारा डाव एकसष्टांत गुंडाळला आणि पारशी संघ चार गडी राखून जिंकला. त्या दौऱ्यात व्हर्ननचा संघ हरला तो हा एकच सामना. राज्य त्यांचे, मैदान त्यांचे, खेळ त्यांचा, नियम त्यांचे. जिंकले मात्र आपले लोक. त्या वेळी काँग्रेसला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एकसष्ट धावांचे महत्त्व कळेल. 1892 च्या डिसेंबरात लॉर्ड हॉक यांचा संघ आला, त्यालाही पारशांनी दोनांपैकी एका सामन्यात हरवले. या लॉर्डसाहेबांची आपल्याला पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

असा माणूस आज असता तर त्याच्या नावाचा लिलाव झाला असता आणि आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला असता. पावरी वैद्यकी शिकायला विलायतेला गेले. शिकता शिकता 1895 साली ते मिडलसेक्स काउंटीकडून एक सामना खेळले. त्याच उन्हाळ्यात रणजितसिंह ससेक्सकडून खेळू लागले आणि जगाचे डोळे त्यांच्याकडे लागले. पावरींचा तो एक सामना तसाच मागे राहिला. डॉक्टर होऊन ते परत आले, पुन्हा पारशी संघातून खेळू लागले आणि पंचेचाळिशी उलटेपर्यंत खेळत राहिले. 1901 साली त्यांनी ‘पारशी क्रिकेट’ हे पुस्तक लिहिले. वारले 1946 साली, म्हणजे जातवार संघांच्या ज्या सामन्यांची मुहूर्तमेढ त्यांच्या पिढीने रोवली, ते सामने कायमचे बंद पडले त्याच वर्षी.

चरित्र म्हणून पाहिले तर हे सरळ, स्वच्छ चरित्र आहे. मला त्यात अडखळायला लावले ते एका शब्दाने. पावरी ‘हौशी’ खेळाडू होते. खेळण्याबद्दल त्यांनी पगार घेतला नाही.

आपल्या भाषेत या दोन शब्दांची किंमत बघा. ‘हौशी’ म्हटले की माणूस उमदा वाटतो. ‘धंदेवाईक’ म्हटले की नाक मुरडले जाते. चांभार, सुतार, कुंभार हे सगळे धंदेवाईकच. धंदा या शब्दाला एवढी मळकट कळा का यावी, हे मला कधी समजले नाही. पण ती कळा आपण एकट्यांनी लावलेली नाही. इंग्लंडात याचा कारखानाच होता. तिथे 1806 पासून ‘जेंटलमेन’ आणि ‘प्लेयर्स’ असा सामना होत असे. जेंटलमेन म्हणजे बिनपगारी, प्लेयर्स म्हणजे पगारी. जणू खेळणारा तेवढा सभ्य नव्हे! लॉर्ड्‌सवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटके वेगळी. छापील पत्रकावर हौशी माणसाची आद्याक्षरे नावाच्या आधी आणि पगारी माणसाची नावाच्या मागे. फ्रेड टिटमस नावाचा तरुण पगारी गोलंदाज पहिल्यांदा लॉर्ड्‌सवर आला तेव्हा पत्रकात चुकून त्याची आद्याक्षरे पुढे छापली गेली. ताबडतोब ध्वनिक्षेपकावरून सबंध मैदानाला दुरुस्ती ऐकवण्यात आली. हा भेद तिथे 1962 साली रद्द झाला. आपण त्या वेळी महाराष्ट्र राज्याची दोन वर्षे साजरी करून बसलो होतो.

आणि गंमत अशी की या हौशी मंडळींचा मेरुमणी जो डॉक्टर ग्रेस, तो पगारी लोकांपेक्षा कितीतरी जास्त पैसा घेत होता. 1873 साली ऑस्ट्रेलियाचा दौरा निघाला. ग्रेस हे हौशी म्हणून गेले, नव्या नवरीला बरोबर घेऊन. त्यांना मिळाले दीड हजार पौंड आणि सगळा खर्च. त्याच बोटीतून जाणाऱ्या पगारी खेळाडूंना मिळाले प्रत्येकी एकशे सत्तर पौंड आणि दुसऱ्या वर्गाचा प्रवास. 1891 च्या दौऱ्याला ग्रेस यांनी तीन हजार घेतले. वैद्यकीचा अभ्यास त्यांनी दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळत केला आणि 1879 साली, एकतिसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले. ब्रिस्टलमध्ये गरीब वस्तीत त्यांचा दवाखाना होता. उन्हाळ्यात ते खेळायला गेले की बदली डॉक्टर बसे. माणूस रुग्णांशी दयाळू होता असे सगळेच लिहितात आणि ते मी नाकारत नाही. पण हौशी या पदवीचा पैशाशी संबंध नव्हता हे त्यांच्याच हिशेबावरून सिद्ध होते. डॉक्टराच्या घरात जन्मलेला, डॉक्टरकीची पाटी लावलेला तो हौशी. खाणीतून किंवा हातमागावरून उठून आलेला तो पगारी.

पावरींवर मी हा आरोप करत नाही. त्यांनी असे पैसे घेतल्याचे मी कुठेही वाचलेले नाही आणि त्यांच्या खेळाची शान मला पुरती मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच की 1888 साली बोटीने विलायतेला जाऊन हंगामभर खेळायचे, परत येऊन पुन्हा शिकायला विलायतेला जायचे, याला मागे घर लागते. महिनोन्‌महिने मुलगा एक रुपया आणणार नाही हे ज्या घराला सोसते, त्याच घरातला मुलगा हौशी होऊ शकतो. त्या घराने पावरींच्या हौसेचे मोल भरले आणि त्यातून मुंबईला एक गोलंदाज मिळाला आणि एक डॉक्टर मिळाला. सौदा वाईट झाला नाही.

आता अमेरिकेकडे एक फेरी मारून येऊ, कारण तिथे हेच गणित उलट मांडलेले दिसते. तिथला बेसबॉल हा क्रिकेटचा चुलतभाऊ. लाकडी दांडका, चेंडू आणि धावून गाठायचे चार थांबे. 1869 साली सिनसिनाटी या शहराने उघडपणे सगळा संघच पगारावर ठेवला. त्या संघाचा कप्तान हॅरी राइट हा शेफील्डचा जन्मलेला, न्यूयॉर्कमधल्या एका पगारी क्रिकेटपटूचा मुलगा. त्याचा भाऊ जॉर्ज याला हंगामाचे चौदाशे डॉलर मिळत. नाक मुरडणारे तिथेही होते, पण पगार लपवण्याची चाल मोडली ती मोडलीच.

त्या पगारी खेळातून डॉक्टर निघाले. मला त्यांतला सर्वांत आवडला तो एरॅस्मस आर्लिंग्टन पाँड. बाल्टिमोरच्या विजेत्या संघात हा गोलंदाज होता आणि त्याच काळात वैद्यकीही करत होता. 1896 साली त्याच्या गोलंदाजीवर संघाने सोळा सामने जिंकले, 1897 साली अठरा. 1898 साली स्पेनशी युद्ध पेटले तेव्हा त्याने चेंडू ठेवला, लष्करी डॉक्टर झाला आणि फिलिपाइन्समध्ये गेला. युद्ध संपले तरी हा मात्र परतला नाही. सेबू बेटावर कॉलऱ्याशी झगडला, महारोग्यांसाठी वसाहत उभारण्याच्या कामात पडला आणि 1930 साली तिथेच वारला. सेबूच्या लोकांना त्याच्या अठरा विजयांचे काय कौतुक असणार! त्यांच्या दृष्टीने तो डॉक्टर होता. पण मैदानात घाम गाळून घेतलेला पैसा त्याने कधी लाज म्हणून झाकला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेची आरती मात्र ओवाळू नये. पगार दिला की मालक आला आणि मालक आला की त्याची कलमे आली. 1879 पासून मालकांनी एक कलम घातले की करार संपला तरी खेळाडूवर हक्क त्याच संघाचा. दुसऱ्याकडे जाता येणार नाही, जास्त मागता येणार नाही. म्हणजे वेठच, फक्त गणवेश घातलेली. याविरुद्ध 1885 साली खेळाडूंनी आपली संघटना काढली. तिचा पुढारी जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा स्वतः नामांकित खेळाडू आणि वकिलीची पदवी मिळवलेला. पावरींनी मुंबईत ते सात गडी काढले त्याच 1890 साली वॉर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मालकांना सोडून स्वतःच्या सामन्यांची साखळी चालवली. एक हंगाम चालली आणि पैशाअभावी मोडली. ते कलम पुढे 1975 साली लवादाच्या निकालाने कोसळले. शहाण्णव वर्षे! आमच्या एखाद्या दाव्याला बारा वर्षे लागली की सभासद माझ्यावर रागावतात, त्यांना मी ही गोष्ट सांगत असतो. शिवाय त्या पगारी मैदानावर काळ्या माणसाला जागा नव्हती. 1884 साली मोझेस वॉकर नावाचा काळा खेळाडू एक हंगाम खेळला, मग दार बंद झाले ते 1947 साली जॅकी रॉबिन्सनपर्यंत.

बंद दाराची गोष्ट निघाली म्हणजे आपल्याला परत यायला हवे, पुण्याला.

पावरी विलायतेला पहिल्यांदा गेले, त्याच्या मागेपुढेच पुण्यात एक चर्मकार समाजातला मुलगा पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट करत होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, सभासदांना सरावाला चेंडू टाकायचे. महिना तीन रुपये. त्याचे नाव बाळू पालवणकर, जन्म 1876 चा, वडील लष्कराच्या चाकरीत. पुढे 1892 च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये. तिथे त्याने तासन्‌तास साहेबांना गोलंदाजी केली. कॅप्टन ग्रेग नावाचा नामवंत फलंदाज त्याच्याकडून एकट्याने सराव करून घेई आणि बाळूने त्याला बाद केले की आठ आणे देई, असे सांगतात. गड्यामागे आठ आणे! आमच्या भाषेत याला पीस-रेट म्हणतात. हातात बॅट मात्र त्याला कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, राबायचे बाळूने.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, तेव्हा त्यांना बाळूची आठवण झाली. मैदानात ज्या चेंडूला बाळूचा हात लागे, तोच चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे मंडपात बसत आणि बाळूला बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे, तो पिऊन फेकून देण्यासाठी. जेवणाचे पान वेगळे. विटाळ चेंडूला होत नाही, कपाला होतो, हे शास्त्र कोणत्या स्मृतीत आहे ते विद्वानांनी सांगावे. न्यायमूर्ती रानड्यांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी मंडळींना समजावले की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर बसून खायला काय हरकत आहे. रानड्यांनी सांगितल्यावर थोडे सैल झाले.

1896 च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, बाळू पुणे सोडून मुंबईला आले. आता त्यांना ‘आले’ म्हणू या, मघाशी ‘तो’ म्हटले ते वयामुळे. पुण्याहून मुंबईला रेल्वेने यायची वाट एकच, 1863 साली खुली झालेली बोरघाटाची. तेव्हा ते आपल्या कर्जत स्टेशनावरून गेले असणार. घाट उतरून आलेली गाडी इथे थांबते, वर जाणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात. चौथ्या-पाचव्या फलाटाच्या गप्पा मारताना आपण पुष्कळ मोठ्या माणसांची नावे घेतो. त्यांत एक हेही घ्यायला हरकत नाही. मुंबईत त्यांनी लष्कराच्या संघात आणि रेल्वेत जागा धरली. रेल्वेने खेळाडू म्हणून माणूस घ्यावा ही रीत तेव्हापासूनची जुनी आहे. हिंदू जिमखान्याने बऱ्याच कुरबुरींनंतर त्यांना संघात घेतले आणि 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात बाळूंचा हात मोठा होता.

मग 1911 साली अखिल हिंदुस्थानचा पहिला संघ विलायतेला निघाला. कप्तान पतियाळाचे महाराज. आणि त्या संघाच्या यादीत दोन नावे आहेत, ती मी वाचनालयात वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. एक नाव डॉ. एच. डी. कांगा, पावरींच्या मागून आलेले पारशी डॉक्टर-क्रिकेटपटू. ज्यांच्या नावाने मुंबईत 1948 पासून भर पावसाळ्यात कांगा लीग खेळली जाते, ते हेच. दुसरे नाव पी. बाळू. त्या संपूर्ण दौऱ्यात बाळूंनी 114 गडी बाद केले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस. पावरींच्या 170 गड्यांनंतर तेवीस वर्षांनी आपल्याकडच्या दुसऱ्या गोलंदाजाने इंग्लंडमध्ये शंभरी ओलांडली होती. एक वेगवान, एक डावखुरा फिरकी. एकाने पारशी क्लबाचा खेळाडू म्हणून नाव काढले, दुसऱ्याने पारशी क्लबाची खेळपट्टी झाडून सुरुवात केली.

बाळू डॉक्टर झाले नाहीत. ती गोष्ट त्यांच्या बुद्धीवर ढकलता येणार नाही. ज्या वयात पावरींच्या हातात वैद्यकीची पुस्तके आली, त्या वयात बाळूंच्या हातात रूळ होता आणि घरी धाकटी भावंडे होती. ती भावंडे, शिवराम, विठ्ठल आणि गणपत, तिघेही पुढे हिंदू संघातून खेळली. बाळूंना कप्तानपद मिळाले नाही. 1920 साली यावरून ठिणगी उडाली, भावांनी संघ सोडून आपली बाजू जाहीरपणे मांडली. वर्तमानपत्रांतून वाद झाला. अखेर 1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघ जिंकला. ज्याला काम बंद आंदोलन कळते त्याला विठ्ठल-शिवराम कळतील. विठ्ठलरावांनी आपले क्रीडाजीवन मराठीत लिहूनही ठेवले आहे.

आता लॉर्ड हॉक. 1892 साली मुंबईत पावरींच्या संघाकडून एक सामना हरून गेलेले हे गृहस्थ. 1925 साली एका भाषणात त्यांनी देवाची करुणा भाकली, की कोणी पगारी खेळाडू कधी इंग्लंडचा कप्तान न होवो. आमच्याकडे दोनच वर्षांपूर्वी मैदान झाडणाऱ्याचा भाऊ कप्तान झालेला होता. पण न्याय सगळ्यांना सारखा लावला पाहिजे. याच हॉकसाहेबांनी यॉर्कशायरच्या पगारी खेळाडूंना हंगाम नसतानाही, हिवाळ्यात आठवड्याला दोन पौंड देण्याची चाल पाडली होती. कप्तानपद देणार नाही, पण उपाशी मारणार नाही. असे मालक मी पाहिलेले आहेत आणि वाटाघाटीला त्यांच्यासमोर बसणे सर्वांत अवघड जाते.

बाळू 1955 साली वारले. त्याआधी 1937 च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले होते. ज्या आंबेडकरांनी तरुणपणी बाळूंच्या सत्कारात पुढाकार घेतला, त्यांच्याच विरुद्ध. बाळू दोन हजारांच्या आसपास मतांनी हरले. तो दुखरा भाग आहे, स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, आज त्यात शिरत नाही.

डॉ. पावरींनी 1901 साली पुस्तक लिहिले म्हणून त्यांची पिढी आपल्याला कळते. ज्याला लिहायला निवांतपणा मिळतो, त्याचा इतिहास उरतो. परंतु पावरींच्या 170 गड्यांसाठी इंग्लंडात जी मैदाने सजली, ती सजवणारे पगारी माळी कोण होते? मुंबईत पारशांच्या जाळीत सराव देणारे कोण होते? नावे कुठे लिहिलेली नाहीत. बाळू अपवाद, कारण ते स्वतःच्या डाव्या हाताने त्या यादीतून बाहेर आले.

हे सगळे वाचून मी पुन्हा त्या कारखान्यात गेलो. ग्रेसचे दीड हजार पौंड आणि बाळूंचे चार रुपये मी अधिकाऱ्यांना सांगितले नाहीत, त्यांना वेळ नव्हता. आठ वर्षांची हजेरीपत्रके मात्र पुढे ठेवली. पॅकिंग खात्यातल्या पाळ्या मोजल्या, सामन्यांचे दिवसही ‘कामावर’ म्हणून लावलेले होते ते दाखवले, भविष्यनिर्वाह निधीची कपात झालेली दाखवली. खेळ ही हौस होती तर हजेरी कशाला लावली, एवढेच विचारले. चार बैठका झाल्या. पाचव्या बैठकीत त्यांनी त्याला परत घेतले. आता तो स्टोअरमध्ये बसतो. जिना चढताना कठड्याला धरतो. संध्याकाळी पाच मुले, कधी सात मुले त्याच्याकडे चढाई शिकायला येतात, भात उभे असेल तर रस्त्याच्या कडेला, कापणी झाली की खाचरात. त्याचे पैसे तो घेत नाही. पगार स्टोअरचा मिळतो.